व्हाइट रिओहा मधासारखी पिवळी झाली म्हणजे खराब झाली का?

खराब झालेली नाहीये, ओतून देऊ नका. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि तोवर बाटली सिंकमध्ये गेली तर मला चुटपुट लागून राहील.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भेट मिळालेली स्पेनमधल्या रिओहाची व्हाइट वाइन, लेबलवर रिसर्वा लिहिलेलं, साल दहाएक वर्षांपूर्वीचं, उघडली तर रंग चक्क मधासारखा, वास अक्रोड, मेण, सुकवलेलं सफरचंद असला काहीतरी, ताज्या फळाचा पत्ताच नाही, आणि जेवायला आलेल्या पाहुण्यांनी एक घोट घेऊन निकाल दिला की ही गेली. मग व्हाइट वाइन लाकडात ठेवतातच कशाला, ही कुठल्या द्राक्षाची असते, आणि दुसरी बाटली शिल्लक आहे तिचं काय करायचं.

पाहुण्यांना हसू नका, मी स्वतः हीच चूक केलेली आहे आणि तीही पगार घेऊन. मी गेली सोळा-सतरा वर्षं रेस्टॉरंटमध्ये वाइन सर्व्ह करायचं काम करते. अगदी सुरुवातीला एका टेबलावर अशीच जुनी व्हाइट रिओहा उघडली, नाक लावलं, वास शेरीसारखा आला (शेरी म्हणजे स्पेनच्या दक्षिणेतली जास्त अल्कोहोलची वाइन), आणि मी मोठ्या ऐटीत गिऱ्हाइकाला सांगितलं की सॉरी, ही ऑक्सिडाइझ झालीये, म्हणजे हवा लागून बिघडलीये, दुसरी आणते. दुसरी पण तशीच निघाली. मग त्यांना तिसरीच कुठलीतरी वाइन देऊन वेळ मारून नेली. आमचे सीनियर काही बोलले नाहीत, दोन्ही बाटल्या आत नेऊन ठेवल्या, रात्री सगळं आवरल्यावर मोठ्या ग्लासमध्ये थोडी ओतून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, आता पी, आणि सांग मला यात खराब काय आहे. मी प्यायले आणि गप्प बसले. आंबटपणा एकदम खणखणीत, घोट गिळल्यावरही चव कितीतरी वेळ तोंडात रेंगाळत होती, मेलेली वाइन अशी वागत नाही. त्याच वेडापायी पुढे दोन हंगाम रिओहातल्या एका सेलरमध्ये बॅरल धुवायला गेले, म्हणून खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं ओल्या बुटांनी शिकलेलं आहे.

आधी जागा समजून घ्या, कारण जागेशिवाय ही वाइन कळतच नाही. रिओहा स्पेनच्या उत्तरेला, एब्रो नदीच्या खोऱ्यात. उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाची डोंगररांग भिंतीसारखी उभी, ती अटलांटिककडून येणारा गार, ओला वारा बराचसा अडवते, आणि दक्षिणेला सिएरा दे ला देमांदा. त्यामुळे खोऱ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाल तसतसं हवामान गार-ओल्याकडून उष्ण-कोरडं होत जातं. त्याचे तीन भाग पाडलेत, रिओहा आल्ता, रिओहा आलावेसा आणि रिओहा ओरिएंताल. या शेवटच्याला आधी रिओहा बाखा म्हणायचे, बाखा म्हणजे खालचा, आणि आपल्या वाइनला खालची कोण म्हणवून घेणार, म्हणून 2018 मध्ये नाव बदललं. जुन्या पद्धतीच्या व्हाइटचा जीव रिओहा आल्तामध्ये, त्यातही आरो नावाच्या गावात आहे. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे पण स्पॅनिशमध्ये तो बोलत नाहीत, मी पहिल्या दिवशी स्टेशनवर हारो हारो करत फिरत होते.

आरोच्या रेल्वे स्टेशनला लागूनच जुन्या वाइनरींचा एक मोहल्लाच आहे, त्याचं नावच बार्रिओ दे ला एस्तासिऑन, म्हणजे स्टेशनचा भाग. लोपेझ दे एरेदिया (1877), सीव्हीएनई जिला सगळे कूने म्हणतात (1879), ला रिओहा आल्ता (1890), मुगा (1932), सगळ्या एकमेकींपासून चालत जायच्या अंतरावर. त्या स्टेशनपाशीच का, तर 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि पिंपं थेट गाडीत चढवून बिल्बाओच्या बंदरात जायला लागली. आणि नेमकं त्याच सुमाराला फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं द्राक्षबागा मुळापासून खायला घेतल्या होत्या, बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे गिऱ्हाईक होतं पण माल नव्हता, ते डोंगर ओलांडून इकडे आले. गावात पैसा इतका खेळला की 1890 च्या सुमाराला रस्त्यावर विजेचे दिवे लागले, जे तेव्हा स्पेनमध्ये फार कमी ठिकाणी होते. आरो आलं, दिवे दिसायला लागले, अशा अर्थाची एक म्हण तिकडे अजून चालते.

लाकडाची गोष्ट इथूनच सुरू होते. 225 लिटरचं ओकचं बॅरल हे मुळात बोर्दोचं माप. रिओहात ते आणायचा पहिला प्रयत्न खरं तर 1780 च्या दशकात मानुएल किंतानो नावाच्या एका पाद्र्यानं केला होता, बोर्दोला जाऊन शिकून आला, पण पिंपात मुरवलेल्या वाइनला जादा भाव मिळू नये असं स्थानिक नियमांनी ठरवलं आणि बिचाऱ्याची मेहनत वाया गेली. म्हणजे नोकरशाही तेव्हाही होतीच. मग 1850 च्या दशकात मार्केस दे मुरिएता आणि मार्केस दे रिस्काल या दोघांनी तीच पद्धत पुन्हा आणली आणि या वेळी ती टिकली. फ्रेंच ओक महाग पडायचा, स्पेनचे अटलांटिकपलीकडे व्यापारी संबंध होतेच, त्यामुळे अमेरिकन ओक यायला लागला आणि तोच रिओहाचा ठसा होऊन बसला.

आता इथे जरा थांबते, कारण ओक ओक सगळे म्हणतात पण दोन ओकमध्ये फरक का पडतो ते कोणी सांगत नाही. अमेरिकन व्हाइट ओकच्या लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आतून नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात. त्यामुळे तो सरळ करवतीनं कापून फळ्या पाडल्या तरी बॅरल गळत नाही. फ्रेंच ओकचं तसं नाही, तो रेषेरेषेनं फोडावाच लागतो, नाहीतर वाइन फळीतून झिरपते, आणि फोडताना अर्ध्याहून जास्त लाकूड वाया जातं, म्हणून तो महाग. वासाचंही तसंच. खोबऱ्यासारखा जो वास येतो तो लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा, आणि ते अमेरिकन ओकमध्ये बरंच जास्त असतं, जोडीला व्हॅनिला. फ्रेंच ओक जास्त दबका, मसाल्याकडे झुकणारा.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, तुमच्या बाटलीत खोबरं किंवा व्हॅनिला तुम्हाला जाणवलंच नाही, हो ना? कारण ते येतं नवीन बॅरलमधून. तीन-चार वर्षं वापरलेलं बॅरल स्वतःची चव जवळपास देऊन बसलेलं असतं. जुन्या पद्धतीची व्हाइट रिओहा अशा म्हाताऱ्या बॅरलांमध्ये मुरते, त्यांच्या आतून टार्टारचे, म्हणजे वाइनमधल्याच आम्लाचे, खडे साखरेच्या थरासारखे चिकटलेले असतात, दोन हंगाम मी तेच गरम पाण्यानं सोडवत बसले होते. त्या बॅरलमधून वाइनला लाकडाची चव मिळत नाही, हवा मिळते. फळ्यांच्या सांध्यांतून, बुचाच्या बाजूनं, अगदी थेंबाथेंबानं म्हणतात तशी, वर्षानुवर्षं. लोक या वाइनला ओकी म्हणतात तेव्हा मला चिडचिड होते ती यामुळे, इथे ओक हे मसाल्याचं काम करत नाही, भांड्याचं करतं.

आणि मग द्राक्ष. विउरा. स्पेनमध्ये इतरत्र हिलाच माकाबेओ म्हणतात, कातालोनियाकडे कावा नावाची जी फेसाळ वाइन बनते त्यातल्या तीन मुख्य द्राक्षांपैकी ही एक, फ्रान्सच्या रुसियोंमध्येही आहे. खरं सांगायचं तर विउरा ताजी असताना फार काही बोलत नाही. थोडं सफरचंद, थोडं लिंबू, पांढरी फुलं, बास. पेलाभर प्यायलात आणि दहा मिनिटांनी विचारलं की चव कशी होती तर आठवणार नाही. घड मोठे आणि मणी एकमेकांना गच्च चिकटलेले, त्यामुळे काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की मधल्या मण्यांना बुरशी लागते, बाहेरून घड छान दिसतो आणि आत बोट घातलं की चिकचिक. मात्र फुटवा उशिरा येतो, म्हणून वसंतातल्या थंडीच्या तडाख्यातून वेल बऱ्याचदा वाचतो, आणि पीक भरपूर देतो. भरपूर देतो हीच पंचाईत. रिओहात रेडसाठी हेक्टरी 6,500 किलोची मर्यादा आहे आणि व्हाइटसाठी 9,000 किलोची, आणि जो शेतकरी त्या आकड्याला टेकून पीक घेतो त्याच्या विउरात पाण्याशिवाय काही सापडत नाही. जुने वेल, चुनखडीची माती, कमी पीक, तेव्हा कुठे तिच्यात दम येतो.

मग असल्या मिळमिळीत द्राक्षाला दहा-दहा वर्षं कोण सांभाळतं? तर उत्तर असं की मिळमिळीत आहे म्हणूनच. जिच्यात सुगंधाचा भपका आहे ती द्राक्षं हवेत ठेवली की आधी तो भपकाच उडतो आणि मागे काही उरत नाही. विउराला गमावण्यासारखं फारसं काही नसतं, आणि हवेपुढे ती पटकन नांगी टाकत नाही. ती हळूहळू दुसरंच काहीतरी होत जाते. जुन्या काळी रिओहातल्या व्हाइटमध्ये माल्वासिया या दुसऱ्या द्राक्षाचा भाग मोठा असायचा, तिला अंग आहे, वास आहे, पण ती लवकर तांबूस पडते. 1899 च्या सुमाराला फिलॉक्सेरा रिओहातही पोचला, बागा नव्यानं लावाव्या लागल्या तेव्हा लोकांनी जास्त पिकणारी आणि हवेला जास्त टिकणारी विउरा लावली आणि माल्वासिया मागे पडली. आजही जुन्या धाटणीच्या बाटलीत बहुतेकदा विउरा आणि जोडीला थोडी माल्वासिया असते. तिसरी गार्नाचा ब्लांका, ती भरदार आणि अल्कोहोल जास्त देणारी. बाकी टेंप्रानियो ब्लांको म्हणून एक गंमत आहे, 1988 मध्ये एका शेतकऱ्याला टेंप्रानियोच्या काळ्या द्राक्षांच्या वेलावर एका फांदीला पांढरे घड दिसले, त्यातून ही जात निघाली, पण तिची वाइन वेगळी, तुमच्या बाटलीशी तिचा संबंध नाही.

आता सेलरमध्ये नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे तो मधासारखा रंग कुठून आला ते कळेल. रस आंबवून झाल्यावर वाइन बॅरलमध्ये जाते आणि तिथे पडून राहते. पडून म्हणजे अगदी दुर्लक्षित नाही. वर्षातून एक-दोनदा एका बॅरलमधून दुसऱ्यात काढतात, याला तिकडे त्रासिएगो म्हणतात, म्हणजे खाली बसलेला साका मागे राहतो आणि वाइनला थोडा श्वास मिळतो. मी ज्या सेलरमध्ये होते तिथे हे काम अजून मेणबत्तीवर चालायचं. भरलेलं बॅरल वर, रिकामं खाली, तोटीतून धार सुरू, एकजण ग्लास धारेखाली धरतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीसमोर नेऊन बघतो, पुन्हा धरतो, पुन्हा बघतो. शेवटी शेवटी ज्योत ग्लासमधून जरा धुरकट दिसायला लागते, अगदी एका क्षणात, तेवढ्यात तोटी बंद. मला वाटायचं की हे सगळं टुरिस्टांसाठी आहे, टॉर्च का नाही घेत? घेऊन बघितला. टॉर्चच्या झोतात सगळंच चमकतं, धूसरपणा पहिल्यांदा कुठे आला ते कळत नाही, आणि माझ्यामुळे एक बादलीभर गढूळ वाइन चांगल्या बॅरलमध्ये गेली. त्यानंतर मला आठवडाभर फक्त धुण्याचं काम होतं.

या असल्या हळू हवेमुळे दोन गोष्टी होतात. एक, वाइनमधली जी द्रव्यं हवेनं तपकिरी पडणार असतात त्यातली बरीचशी सुरुवातीलाच तपकिरी पडून साक्याबरोबर खाली बसतात, म्हणजे जे बिघडायचं ते लहानपणीच बिघडून बाहेर पडतं आणि उरलेली वाइन हवेला सरावते. दोन, नवे वास तयार होतात. अक्रोड, मध, मेण, कॅमोमाइलचा चहा, आणि जुन्या बाटल्यांमध्ये सोटोलॉन नावाच्या द्रव्याचा वास. तो ओळखायला सोपा आहे, मेथीदाण्याला जो वास असतो तो सोटोलॉनचाच. पुढच्या वेळी ग्लास हातात असताना हे आठवा, एकदा ओळखलात की मग सुटत नाही. शेरीमध्येही तो असतो, म्हणून शेरीसारखा वास आला हे माझं त्या टेबलावरचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. गंमत म्हणजे कूनेच्या मोनोपोले या 1915 पासूनच्या व्हाइटमध्ये पूर्वी थोडी मांझानिया शेरी खरोखरच मिसळायचे, मध्ये ती पद्धत बंद पडली आणि 2014 च्या पिकापासून मोनोपोले क्लासिको नावानं ती पुन्हा आणली.

आणि हवेला सरावलेली हे मी उगाच कौतुक म्हणून नाही म्हणत. उलट उदाहरण बघा, फ्रान्सच्या बर्गंडीतल्या महागड्या व्हाइट. शार्दोने द्राक्ष, ओकचं बॅरल, सगळं काही उत्तम, पण 1990 च्या दशकाच्या मधल्या सालांपासून लोकांना दिसायला लागलं की वीस वर्षं टिकायला हव्यात अशा बाटल्या सात-आठ वर्षांतच तपकिरी आणि सपाट निघताहेत, एकाच खोक्यातली एक ठीक तर शेजारची मेलेली. त्याला प्रीमॉक्स म्हणतात, म्हणजे वेळेआधीच ऑक्सिडेशन, आणि कारणांवर अजून वाद चालतात, बूच, सल्फरचं प्रमाण, द्राक्षं दाबायच्या सौम्य पद्धती, बरंच काही. पण हवेपासून अगदी जपून वाढवलेली वाइन आणि हवेतच वाढलेली वाइन या दोघींत म्हातारपण कुणाला सोसतं हे त्यातून दिसतं.

या जुन्या धाटणीची सगळ्यात प्रसिद्ध वाइन म्हणजे लोपेझ दे एरेदियाची विन्या तोंदोनिया. तोंदोनिया ही त्यांची एब्रोच्या वळणात असलेली सुमारे 100 हेक्टरची बाग, 1913-14 मध्ये लावलेली. तिची व्हाइट रिसर्वा साधारण 6 वर्षं बॅरलमध्ये राहते, ग्रान रिसर्वा तर 10 वर्षं, आणि त्याच घरची विन्या ग्राव्होनिया ही नुसत्या विउराची, 4 वर्षंवाली. बॅरल ते स्वतःच्या कारखान्यात बनवतात, लाकूड अमेरिकेतून आणून. त्यांच्या तळघरात कोळ्यांची जाळी मुद्दाम ठेवलेली आहेत, कोळी बुचांना भोकं पाडणारे पतंग खातात म्हणून, साफसफाईवाल्यांना आत सोडत नसणार बहुतेक. याच्याही पुढची टोकाची गोष्ट म्हणजे मार्केस दे मुरिएताची कास्तियो इगाय ब्लांको 1986, ती 21 वर्षं बॅरलमध्ये आणि मग आणखी काही वर्षं सिमेंटच्या टाकीत ठेवून पिकानंतर तब्बल तीसेक वर्षांनी बाजारात आली. ती मी एकदाच चाखली, अंगठ्याएवढी, कुणाच्या तरी उरलेल्या बाटलीतून.

आता कायदा काय म्हणतो ते बघा आणि मग हसा. रिओहाच्या नियमाप्रमाणे व्हाइट रिसर्वा म्हणजे एकूण किमान 2 वर्षं मुरवलेली, त्यातले किमान 6 महिने बॅरलमध्ये. ग्रान रिसर्वा म्हणजे किमान 4 वर्षं, त्यातही बॅरलची अट 6 महिन्यांचीच. सहा महिने! आणि तोंदोनिया सहा वर्षं. म्हणजे नुसतं रिसर्वा वाचून आत काय असेल ते कळत नाही, दोन वर्षांची तरतरीत व्हाइटही रिसर्वा आणि तुमची मधाळ म्हातारीही रिसर्वा. मागच्या बाजूला चिकटवलेला नियामक मंडळाचा छोटा शिक्का असतो, त्याच्या रंगावरून निदान वर्ग कळतो, हिरवा म्हणजे साधी, लाल म्हणजे क्रियान्सा (रिसर्वाच्या खालची पायरी), गडद मरून म्हणजे रिसर्वा, निळा म्हणजे ग्रान रिसर्वा. बाकी उत्पादकाची पद्धत माहीत करून घेणं हाच उपाय, तो कोणी सांगत नाही म्हणून तुमच्यासारख्यांच्या टेबलावर गोंधळ होतो.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. 1970 च्या दशकात मार्केस दे कासेरेस ही नवीन कंपनी आली, बोर्दोचे नामांकित तज्ज्ञ एमिल पेनो त्यांचे सल्लागार, त्यांनी स्टीलच्या टाक्यांमध्ये कमी तापमानाला आंबवलेली, फिकट, ताजी, लवकर प्यायची व्हाइट रिओहा काढली. ती इतकी चालली की बाकीच्यांनी भराभर जुनी बॅरलं बाजूला सारून टाक्या बसवल्या, आणि बघता बघता व्हाइट रिओहा म्हणजे पाण्यासारखी स्वच्छ आणि जवळपास तितकीच चवीची असं समीकरण झालं. माझं मत कडक आहे ते माहितीये, पण त्या काळातल्या कितीतरी व्हाइट खरोखरच विसरण्यासारख्या होत्या. व्हाइट द्राक्षं तशीही रिओहात कमीच, जेमतेम दहावा हिस्सा, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. नंतरच्या पिढीनं मधला रस्ता काढला, रस बॅरलमध्येच आंबवायचा, बऱ्याचदा नवीन फ्रेंच ओकमध्ये, साक्याबरोबर काही महिने ठेवायचा, मधूनमधून ढवळायचा. ही वाइन भरदार, लोण्यासारखी, थोडी भाजलेल्या पावासारखी लागते, फळ शाबूत असतं. मुगाची व्हाइट बरीच वर्षं या पद्धतीनं बनते. हीसुद्धा ओकमधली व्हाइट रिओहाच, पण तुमच्या बाटलीची ती लांबची पुतणी समजा, चव अजिबात जुळणार नाही. तुमच्या पाहुण्यांनी बहुधा आधी हिची किंवा स्टीलवाल्या ताज्या वाइनची चव घेतलेली असणार आणि त्याच अपेक्षेनं घोट घेतला असणार.

तरीसुद्धा या वाइन खराब होतच नाहीत असं नाही हां. मी रोज कशी ओळखते ते सांगते. रंगावर जाऊ नका, चमक बघा. सोनेरी, अगदी पितळी असली तरी ग्लास तिरका केल्यावर लखलखली पाहिजे, मातकट तपकिरी आणि निस्तेज असेल तर शंका घ्या. मग घोट घ्या आणि फक्त एकच गोष्ट बघा, तोंडाला पाणी सुटतंय का. आंबटपणा जिवंत असेल तर वाइन जिवंत आहे, वास काहीही येवो. खराब झालेली वाइन मध्येच तुटते, कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदाची चव, शेवटी कडवट, आणि मग काहीच नाही. व्हिनेगरसारखा घशाला झोंबणारा वास ही आणखी वेगळी भानगड. आणि ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर ते बुचाचं दुखणं, त्याला कितीही वेळ ठेवा तो जात नाही, वाढतो. बाकीचे विचित्र वास, अगदी सुरुवातीचा तो बंद कपाटासारखा, हे बहुतेक अर्ध्या तासात निघून जातात.

म्हणून उघडल्या उघडल्या निकाल देऊ नका. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, फ्रिजमधून काढून लगेच ओतली, तिथेच अर्धी चूक झाली. फ्रिजच्या गारव्यात या वाइनमधलं फक्त आंबट आणि कडू तेवढं जाणवतं. 12 ते 14 अंश ठीक, म्हणजे फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर. ग्लास मोठा, रेड वाइनचा घेतलात तरी चालेल, व्हाइटचा अरुंद ग्लास हिला गुदमरवतो. डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, ओतायला घाबरू नका, जी सहा वर्षं हवेत राहिली तिला अर्ध्या तासानं काय होणार आहे. जेवणात रिओहात हिच्याबरोबर कॉड मासा, मश्रूम, शेजारच्या नवाराचे पांढरे अॅस्परॅगस असलं काही येतं. रिओहाची राजधानी असलेल्या लोग्रोन्योच्या काये लाउरेल गल्लीत तव्यावर लसणात भाजलेले मश्रूम एकावर एक रचून वर कोळंबी टोचून देतात, खाली पावाचा तुकडा, तो सगळा रस पितो. त्याच्याबरोबर मी पहिल्यांदा ग्राव्होनिया घेतली तेव्हा शेजारी उभ्या म्हाताऱ्यानं माझ्या ग्लासकडे बघून मान डोलावली, एवढंच, बोलला काही नाही.

आता उरलेली दुसरी बाटली. आडवी ठेवा, अंधारात, जिथे तापमान फार वरखाली होत नाही तिथे, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात तर अजिबात नको. तोंदोनिया किंवा ग्राव्होनियासारख्या पद्धतीची असेल तर अजून पाच-दहा वर्षं निवांत जाईल, आणि स्टीलमधली ताजी असेल तर आत्ताच प्या, ती थांबणार नाही. उघडताना स्क्रूवाला ओपनर जपून, जुनं बूच मऊ पडलेलं असतं आणि मधोमध तुटतं, दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून पीळ देत वर घ्या.

आणि पहिली बाटली, जी पाहुण्यांनी नापास केली, ती ओतली नसेल तर बूच परत लावून फ्रिजमध्ये ठेवा, उद्या संध्याकाळी तासभर आधी बाहेर काढा आणि मोठ्या ग्लासमध्ये घ्या. माझी ती परत पाठवलेली बाटली चौथ्या दिवशी सगळ्यात छान लागली होती.